रस्ता नेमका अडतो कुठे? भूसंपादनाच्या टेबलावरून दिसणारं उत्तर

प्रश्न विट्याच्या एका तरुण अभियंत्याचा आहे. त्याचं म्हणणं असं: पुणे-मिरज लोहमार्गाचं दुहेरीकरण वर्षानुवर्षं रखडलं, पुणे-सातारा सहापदरीकरण त्याहून जुनं, शक्तिपीठ महामार्गाचं तर नाव काढलं की मोर्चा निघतो. लोकांचा विरोध आणि पुढाऱ्यांचं राजकारण यामुळेच देशाची कामं आपल्याकडे रखडतात का? आणि असेल तर उपाय काय?

विरोध आहे आणि राजकारणही आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत भूसंपादनाच्या कामातच माझी नोकरी गेली, निवृत्तीनंतर महामार्गाच्या सल्लागारांसाठी संयुक्त मोजणीची कामं करतो, त्यामुळे दोन्ही जवळून पाहिलंय. पण "आम्हाला रस्ताच नको" म्हणणारा शेतकरी मला फार क्वचित भेटला. भेटतो तो "आधी भाव सांगा" म्हणणारा. आणि आपण त्याला नकाशा दाखवतो, देशाचा विकास सांगतो, चहा पाजतो. भाव तेवढा सांगत नाही.

हे कसं होतं ते बघा. राष्ट्रीय महामार्गाची जमीन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यानं घेतात. आधी त्यातल्या थ्री-ए कलमाची अधिसूचना निघते: अमुक गावातले अमुक गट लागणार. त्यावर २१ दिवसांत हरकत घ्यायची. मग सुनावणी, संयुक्त मोजणी, आणि वर्षाच्या आत थ्री-डी कलमाची अधिसूचना. थ्री-डी प्रसिद्ध झाली की जमीन कायद्यानं केंद्र सरकारची झाली. तोवर पैसे किती मिळणार हे कुणीच बोललेलं नसतं, कारण मोबदल्याचा निवाडा थ्री-जीखाली, म्हणजे त्याच्या पुढच्या टप्प्यावर, बहुतेक वेळा प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी करतात. जमीन आधी जाते, किंमत मागाहून कळते. हा क्रम लक्षात घेतला तर कुठल्याही आंदोलनाचं वेळापत्रक घरबसल्या मांडता येतं. थ्री-एला गावात कुजबुज होते, मोजणीला दगड उपटले जातात, थ्री-डीनंतर ट्रॅक्टर रस्त्यावर आडवे लागतात.

आता किमतीचं गणित. २०१३ च्या भूसंपादन कायद्याची मोबदल्याची पद्धत २०१५ पासून महामार्गांनाही लागू आहे. आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीदस्तांपैकी चढ्या किमतीचे निम्मे घेऊन सरासरी काढायची; रेडी रेकनरचा दर जास्त असेल तर तो धरायचा. त्याला गुणांक लावायचा, झाडं, विहीर, घर यांची किंमत मिळवायची, आणि येईल तितकीच दिलासा रक्कम वर द्यायची. ग्रामीण भागात गुणांक एक ते दोनच्या दरम्यान असतो आणि तो राज्य सरकार ठरवतं. महाराष्ट्रात तो दोन होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यानं राष्ट्रीय महामार्गांसाठी तो एकवर आणला. समजा दस्तांवरून एकराला दहा लाख निघाले. गुणांक दोन असेल तर वीस आणि वर वीस, चाळीस लाख. एक असेल तर दहा आणि दहा, वीस लाख. गावोगाव "चौपट" आणि "दुप्पट" ही भाषा चालते ती इथली आहे.

याचं फळ रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कोल्हापूर-सांगलीदरम्यानच्या चोकाक ते अंकली या तुकड्यात बघायला मिळालं. मिरजेच्या पुढे सोलापूरच्या बाजूला चौपटीनं पैसे वाटले, रस्ता झाला, गाड्या पळायला लागल्या. त्याच महामार्गाच्या या ३३ किलोमीटरांना मात्र दुप्पट ठरले. एकाच रस्त्याला जमीन देणारे सोयरे-धायरे दोन्हीकडे आहेत. लग्नात एका पंगतीला बसल्यावर कुणाला किती मिळाले हे कळायला वेळ लागत नाही. तिथं मोजणी अडली तर त्याला मी "लोकांची मानसिकता" म्हणणार नाही. फाईलवर गुणांक बदलणाऱ्यानं हा विलंब त्याच दिवशी विकत घेतला होता. मोबदल्यात जेवढे वाचले असतील त्यातले किती वाढलेल्या बांधकाम खर्चात गेले, याचा हिशेब कुणीतरी एकदा मांडायला हवा.

शेतकरी मात्र यात धुतल्या तांदळासारखा नाही. वर ज्या दस्तांची सरासरी काढली, ते दस्त खोटे असतात हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. पंचवीस लाखांचा व्यवहार होतो, दस्तावर दहा येतात, बाकीचे पंधरा पिशवीतून जातात. मुद्रांक वाचला म्हणून घेणारा खूश, कर वाचला म्हणून देणारा खूश. पाच वर्षांनी महामार्ग येतो आणि प्रांत त्याच दहा लाखांवर बोट ठेवतात. सुनावणीत एकानं मला सरळ विचारलं होतं, "साहेब, आमचा खरा भाव तुम्हाला माहीत नाही का?" माहीत असतो. पण निवाडा माहितीवर होत नाही, दस्तावर होतो.

दुसरी गोष्ट थ्री-एच्या सुगाव्याची. आखणीची बातमी फुटली की मोकळ्या रानात रातोरात पत्र्याची शेड उभी राहते, गुडघाभर उंचीची आंब्याची रोपं दाटीवाटीनं लागतात, नवीन बोअर पडतात. हल्ली ड्रोनचं चित्रीकरण आधी करून ठेवतात म्हणून हे थोडं कमी झालं. पण त्यातून जो संशय तयार होतो तो खऱ्या बागवाल्यालाही भोवतो. त्याच्या बारा वर्षांच्या आंब्याकडेही मोजणारा तशाच नजरेनं बघतो.

मोजणी प्रत्यक्षात कशी होते ते सांगितल्याशिवाय विलंब कळणार नाही. तासगाव तालुक्यातला एक गट घ्या. गावाचं नाव सांगत नाही. बावीस गुंठे बाधित. सातबाऱ्यावर नाव आजोबांचं, आजोबा जाऊन दोन पिढ्या झाल्या, वारसनोंद नाही. तीन भाऊ, दोन बहिणी. एक बहीण अथणीला दिलेली, ती वारली, तिची मुलं तिकडेच. भावांचं वाटप तोंडी झालेलं, कागदावर सगळं सामाईक. रस्त्याची पट्टी नेमकी मधल्या भावाच्या वाट्यातून जाते आणि तिथं त्याची द्राक्षबाग. मोजणीच्या दिवशी भूमी अभिलेखचा भूकरमापक, तलाठी, कृषी सहायक, महामार्गाचा माणूस आणि आम्ही असे सगळे बांधावर. मधला म्हणतो, पैसे माझे, बाग मी लावली. थोरला म्हणतो, सातबारा सामाईक आहे, पैसे पाच वाट्यांत. कृषी सहायक वेलींच्या ओळी मोजतोय, मांडवाचे अँगल, तारा, ठिबकच्या नळ्या लिहून घेतोय. आणि मधल्या भावाची बायको मागून प्रत्येक आकडा मोठ्यानं तपासतेय. तिचं बरोबर होतं, एक ओळ खरंच सुटली होती. त्या दिवशी पंचनाम्यावर सही झाली नाही. पुढे वाटणीचा वाद दिवाणी न्यायालयात गेला. कायद्यानं अशा वेळी रक्कम न्यायालयात जमा करून ताबा घेता येतो. पण बंदोबस्त असल्याशिवाय फळावर आलेल्या बागेत जेसीबी घालायची हिंमत कुठल्याच अधिकाऱ्यात नसते, आणि नसावी.

बातमीत याला "शेतकऱ्यांचा विरोध" म्हणतात. त्या बावीस गुंठ्यांत रस्त्याला विरोध करणारा एकही माणूस नव्हता.

असे गट किती असावेत म्हणजे महामार्ग थांबतो? फार नाही. ठेकेदाराला काम सुरू करायची तारीख देताना साधारण ८० ते ९० टक्के जमीन हातात असावी असा दंडक आहे, त्यामुळे कागदावर काम वेळेत सुरू होतं. उरलेले दहा-वीस टक्के कुठंतरी टोकाला एकत्र नसतात. ते गावठाणाच्या कडेला, चौकात, ओढ्याच्या पुलापाशी, देवळाशेजारी असे विखुरलेले असतात. दोन किलोमीटर डांबर, मग शंभर मीटर कच्चं वळण, पुन्हा डांबर. यंत्रं उभी राहतात, ठेकेदार मुदतवाढ मागतो आणि त्याची नुकसानभरपाईही मागतो. काही ठेकेदारांना तर असा तुकडा सोयीचाच पडतो. स्वतःकडे पैसा नसला की "जमीन मिळाली नाही" हे उत्तर तयार असतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. लोकांची वृत्ती काय आहे म्हणाल, तर थांबलेल्याला जास्त मिळतं हे त्यांनी पाहिलंय. पहिल्या दिवशी सही करणाऱ्याला दुप्पट, आणि तीन वर्षं अडून बसलेल्याला लवादाच्या निकालातून किंवा मंत्र्यांच्या दालनातल्या बैठकीतून वाढीव, असं दोन-चार गावांत घडलं की पुढच्या तालुक्यातला कुठलाही शहाणा माणूस आधी सही करत नाही. हे शिक्षण सरकारनंच दिलंय. सातारा जिल्ह्यात त्याला आणखी जुनी मुळं आहेत. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या घरी आजही "जमीन आधी दिली, पुनर्वसन नंतर बघू म्हणाले" ही गोष्ट सांगितली जाते. महाराष्ट्रानं पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला, कोयनेचं पाणी त्याच्या कितीतरी आधी अडलं होतं. पाटण-जावळीच्या माणसाला "सरकारवर विश्वास ठेवा" म्हणताना अधिकाऱ्यानं हे लक्षात ठेवलेलं बरं.

विश्वासाचं दुसरं खातं टोलनाक्यावर बुडालं. पुणे-सातारा सहापदरीकरण २०१० मध्ये सुरू झालं, २०१३ पर्यंत संपायचं होतं. करारानं टोल पहिल्या दिवसापासून सुरू झाला. रस्ता मात्र पुढे कित्येक वर्षं अर्धवट उड्डाणपूल आणि कच्च्या वळणांनी भरलेला राहिला. जमिनीच्या अडचणी त्यात होत्याच, पण सगळं त्यांच्या माथी मारता येणार नाही. आनेवाडीच्या टोलनाक्यावर पैसे मोजून पुढे खड्ड्यात आदळणाऱ्या माणसाला तुम्ही नवा महामार्ग दाखवलात तर त्याच्या मनात आधी नाका येतो.

पुढाऱ्यांकडे येतो. रस्ता कायमचा अडवण्यात त्यांना रस नसतो. आपल्याशिवाय तो सुटू नये, यात असतो. शक्तिपीठाचं उदाहरण ताजं आहे. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीत ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे. देवस्थानं जोडणारा हा राज्याचा महामार्ग, राष्ट्रीय नव्हे, पण वागणूक तीच. लोकसभेला पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात त्याचा राग निघाला, आणि विधानसभेच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. निवडणूक झाली, २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं नियोजन आणि भूसंपादनासाठी पुन्हा मंजुरी दिली. कवठेमहांकाळच्या किंवा मिरज तालुक्यातल्या शेतकऱ्यानं यातून काय शिकायचं? जोर लावला तर अधिसूचना मागे जाते, एवढंच. उद्या या आखणीत कितीही चांगला बदल केला तरी तो ऐकणार नाही, कारण त्याच्यापुढे कोल्हापूरचा दाखला आहे.

शिवाय शक्तिपीठाच्या विरोधातले दोन मुद्दे मला वजनदार वाटतात. एक, रत्नागिरी-नागपूर महामार्ग जवळून जात असताना त्याच दिशेला आणखी एक कशाला? वाहतुकीचे आकडे टाकून याचं उत्तर द्यायला हवं; देवस्थानांची यादी हे त्याचं उत्तर नव्हे. दुसरा पुराचा. २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तिथं धोक्याची पातळी ४५ आहे. २००५ आणि २०२१ चे पूरही लोक विसरलेले नाहीत. अशा पट्ट्यात मातीचा उंच भराव टाकून रस्ता नेला तर पाणी कुठं तुंबणार, हे मिरज तालुक्यातला शेतकरी आमच्या काही सल्लागारांपेक्षा नेमकं सांगतो, कारण त्यानं त्याच्या गोठ्याच्या भिंतीवर खुणा केल्यात. ही फुकट मिळालेली अभियांत्रिकी आहे. तिची नोंद "विरोध" म्हणून होते ही आपली चूक. त्यात भर म्हणजे या पूर्व भागाला म्हैसाळ-टेंभू उपसा सिंचन योजनांचं पाणी कुठे आत्ता आत्ता मिळालंय. दोन पिढ्या वाट बघून भिजलेल्या रानातून रस्ता जातो म्हटल्यावर माणूस चिडणारच.

राजकारणाचा दुसरा, कमी गाजणारा प्रकार भुयारी मार्गांचा. आखणीच्या वेळी ग्रामपंचायतीला विचारायला कुणी जात नाही, गेलं तरी सरपंच ठराव देत नाही. काम निम्म्यावर आलं की गावकरी बसतात: आमचं रान पलीकडे, ऊस कसा आणायचा, पोरं शाळेला कशी जाणार? मागणी रास्त असते. मग आमदार येतात, खासदार पत्र देतात, प्रस्ताव दिल्लीला जातो, वाढीव खर्चाची मंजुरी येईपर्यंत तेवढा भराव तसाच. मंजूर झाला की तीन पक्षांचे तीन फलक. आणि मंजूर नाही झाला तर लोक स्वतः दुभाजक फोडतात. पुणे-बंगळूर महामार्गावर ढाब्यासमोर फोडलेले असे कट नवख्यालाही दिसतील. रात्री उसाचा ट्रॅक्टर त्यातून आडवा निघतो तेव्हा मागून ऐंशीनं येणाऱ्याला तो दिसत नाही. या एका सवयीबद्दल मात्र मी लोकांची बाजू घेणार नाही.

रेल्वेचं थोडं वेगळं आहे. पुणे-मिरज २८० किलोमीटरचं दुहेरीकरण २०१५-१६ मध्ये मंजूर झालं. कोरेगाव, कराड तालुक्यांत शेतकऱ्यांनी काम रोखलं, त्याचं कारण जुन्या रुंदीकरणात आहे. सत्तरच्या सुमाराला मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं तेव्हा कोणती जमीन घेतली आणि कुणाला पैसे दिले, यावर रेल्वेचा नकाशा एक सांगतो आणि सातबारा दुसरंच. त्या वेळी नोंद न केलेला एक फेरफार पन्नास वर्षांनी एक्स्प्रेस अडवतो. सांगलीत चिंतामणीनगरचा पूल या दुहेरीकरणासाठीच २०२३ मध्ये पाडला, आणि माधवनगर रस्त्यावरच्या दुकानदारांचे हाल झाले. तिथं विरोध पूल पाडण्याला नव्हता, रेंगाळण्याला होता. कराड-चिपळूण मार्ग तर शेतकऱ्यांमुळे थांबलेलाच नाही. ११२ किलोमीटरचा तो मार्ग २०१६ च्या भागीदारीच्या करारानंतरही पुढे सरकला नाही, कारण खासगी भागीदार बाहेर पडला. फलटणला नव्वदच्या दशकात मंजूर झालेल्या मार्गावरून पुण्याची गाडी सुटली २०२१ मध्ये. प्रत्येक रखडपट्टीचं खापर बांधावर फोडायचं नसतं.

"मग समृद्धी कसा झाला?" हा पुढचा प्रश्न असतोच. तिथंही सुरुवातीला विरोध होता, नाशिक-ठाण्याच्या बाजूला तर चांगलाच. पण सरकारनं सक्तीच्या संपादनाऐवजी थेट खरेदी पुढे केली, संमतीनं देणाऱ्याला कायदेशीर मोबदल्यावर पंचवीस टक्के जास्त, म्हणजे लोकांच्या भाषेत पाचपट. दर आधी हातात, खरेदीखत झालं की थोड्या दिवसांत पैसे खात्यात. ७०१ किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्या महामार्गाच्या खर्चावर आणि कर्जावर माझे आक्षेप आहेत. तरी एक मान्य करावं लागतं: आधी सही करणारा तिथं मूर्ख ठरला नाही.

उपाय म्हणून मला तीनच गोष्टी सुचतात आणि त्यातली एकही नवीन कायदा मागत नाही. पूर्ण महामार्गाला, पहिल्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत, एकच गुणांक, आणि मध्येच न बदलणारा. थ्री-ए काढण्याआधी त्या पट्ट्यातल्या प्रत्येक गावात वारसनोंदीचं शिबिर. वर सांगितलेला तासगावचा गट दोन महिन्यांत निकाली निघाला असता. आणि निविदा काढण्यापूर्वी भुयारी मार्ग आणि सेवा रस्त्यांची यादी ग्रामसभेत वाचून घेणं, म्हणजे नंतर कुणाला पत्र द्यायला जागा उरत नाही. तिसऱ्या गोष्टीला पुढाऱ्यांकडून सर्वात जास्त हरकत येईल.

तुमच्या खानापूर तालुक्यातून पुणे-बंगळूर नव्या द्रुतगती महामार्गाची आखणी चर्चेत आहे, म्हणून तुमच्यापुरतं सांगतो. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर वारसाचा अर्ज ई-हक्कवर आत्ताच टाका. विहीर, बोअर, फळबाग यांची नोंद पीकपाहणीत येऊ द्या. थ्री-ए आली तर हरकत तोंडी सांगून परत येऊ नका. लेखी द्या, गट नंबर घाला, पोच घ्या. निवाडा पटला नाही तर थ्री-जी पाच खाली लवादाकडे जाता येतं, पैसे उचलतानाच्या पावतीवर मात्र "हरकत राखून" असं स्वहस्ते लिहा. आणि मोजणीच्या दिवशी घरातलं जाणतं माणूस रानात हजर ठेवा, कारण जमिनीखालची पाइपलाइन कुणी दाखवली नाही तर ती पंचनाम्यात येत नाही, आणि पंचनाम्यात नसलेल्या पाइपलाइनचे पैसे कुठलाही प्रांत देत नाही.